मोंतेच्या कपेलातील पूरिया धनाश्री

जुन्या गोव्यात मोंतेच्या टेकडीवर जे कपेल आहे, त्याचा पाया १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकल्यानंतर पडला. तेथे एका सायंकाळी आम्ही पूरिया धनाश्री ऐकला.

विलंबित आलाप त्या कमानीखाली फार खुलला. षड्ज सुटला तरी घुमत राही. वास्तूच जणू तंबोरा धरून बसली होती. परंतु द्रुतात तोच घुमारा वैरी झाला. ताना एकमेकींत मिसळल्या, तबल्याचे बोल पुसट झाले. गायिकेने हे ओळखून लय आवरावयास हवी होती. ती तिने आवरली नाही.

देवस्थानांच्या महाजनांपैकी कोणी विचारील, ज्यांची दैवते सोळाव्या शतकात नदीपार फोंड्याकडे न्यावी लागली, त्यांनी तेथे जाऊन बसावे काय? प्रश्न रास्त आहे. १७३६ च्या फर्मानाने इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नांतूनही देशी वाद्ये निषिद्ध ठरविली होती. आज वेदीसमोर तंबोरा लागतो, हा अपिलात फिरलेला निकालच होय. तो ऐकावयास वादीच गैरहजर राहावा, हे आम्हांस पटत नाही.