लोणारचे विवर आणि भूशास्त्राची मराठी परिभाषा

परिभाषा घडविणाऱ्या पंडितांकडून एक चूक वारंवार होते. शब्दाने वस्तूचे नाव सांगावे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. तिची उपपत्तीही त्यातच आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. हा आग्रह किती महाग पडू शकतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारास यावे.

1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीच्या कृतीने झाले, असेच बहुतेक विद्वान मानीत. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खळगा अशनीच्या आघाताने पडला, हे 1973 मध्ये तेथील खडकांत सापडलेल्या मास्केलिनाइट या आघातजन्य काचेने पटवून दिले. या उलथापालथीत ‘विवर’ हा शब्द मात्र जेथल्या तेथे राहिला, कारण तो केवळ आकार सांगतो. ग्रीकांचे ‘क्रेटर’ म्हणजे द्राक्षासवात पाणी मिसळण्याचे पात्र. तेही तितकेच निरुपद्रवी. या जागी कोणी ‘ज्वालाकुंड’ असा भारदस्त शब्द रूढ केला असता, तर आज आमच्या मुलांना नाव घेतानाच असत्य बोलावे लागले असते!

लोणारास ‘उल्काविवर’ म्हणण्याची जी चाल पडली आहे, तीही आम्हांस मान्य नाही. आकाशात जळत जाते ती उल्का. भूमीवर येऊन पडतो तो अशनी. परिभाषाकारांनी येथे खरोखर विवेक दाखविला होता. तो लेखकांनी घालविला.

बेसाल्टास ‘असिताश्म’ म्हणण्यात काय साधले? विहीर खणणारा मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण हे थर अचूक ओळखतो. त्याच्याच शब्दास संस्कृत वेष चढविला, एवढेच. कोकणातील ‘जांभा’ मात्र शास्त्रात उजळ माथ्याने वावरतो. मग लोणारच्या क्षारांनीच काय अपराध केला? डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी ही नावे म्हणजे सोडियम कार्बोनेट व साधे मीठ यांच्या कमीअधिक मिश्रणांचे, कामकऱ्यांनी हाताळून केलेले वर्गीकरणच होय. क्षारांचा तो उद्योग बसला. नावेही त्याच वाटेने जात आहेत.

आमच्या वर्गात लोणारकडील एका विद्यार्थ्याने काठावर वाळलेल्या क्षारथरास ‘पापडी’ म्हटले, तेव्हा सारे हसले. पुस्तकातील उत्तर देणाऱ्या मुलाने तो थर कधी पाहिलाही नव्हता.