औदुंबराचे मौन

बालकवींची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. एवढ्या लहान कवितेवर एवढी दीर्घ चर्चा मराठीत क्वचितच झाली असेल. बेटांमधून वाहणारा झरा, टेकडीकडचे चिमुकले गाव, पुढे दाट शेतमळे, त्यांतून आडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट, ती जिथे पोहोचते तो काळा डोह आणि त्या डोहात पाय सोडून बसलेला औदुंबर. कवितेत आहे ते एवढेच. उद्गार नाही, उपदेश नाही. तरीही सातव्या ओळीपाशी वाचक थबकतो, कारण पाण्यावर पसरलेल्या काळेपणाला कवीने 'गोड' म्हटले आहे.

मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही कविता 'प्रतीक' या मथळ्याखाली भेटते. मार्गदर्शकांत उत्तर तयार असते. झरा म्हणजे जीवन, पायवाट म्हणजे जीवनप्रवास, डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. चार समीकरणे मांडली की गुण पदरात पडतात. या समीकरणांना आधार आहे, हे मान्य करायला हवे. कवीने 'उंबर' हा रोजच्या वापरातला शब्द टाळून 'औदुंबर' म्हटले, आणि तो शब्द उच्चारताच नरसोबाची वाडी, दत्तगुरू, अनुष्ठानाला बसलेले साधक हे सारे मराठी मनात जागे होते. परंतु कवीला योगीच दाखवायचा असता, तर त्याने योगी बसवला असता. त्याने झाड बसवले. समीकरण मांडणारा वाचक या झाडाला ओलांडून पलीकडे जातो आणि मग मागे वळून पाहत नाही.

कविता पुन्हा वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. गाव आहे, मळे आहेत, पण कवितेत माणूस एकही नाही. माणसाच्या असण्याची जवळची खूण म्हणजे पायवाट, म्हणजे पुष्कळ पावलांनी मिळून उमटवलेली रेघ. ती रेघ डोहापाशी येते आणि तिथे आपल्याला पाय दिसतात ते झाडाचे! चालणाऱ्यांचे पाय दृष्टीआड आहेत आणि न चालणाऱ्याचे पाण्यात आहेत. माणसाची म्हणावी अशी बैठक सबंध कवितेत त्या झाडालाच लाभली आहे. हे निव्वळ निसर्गचित्र आहे, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना या बैठकीचा उलगडा कसा करता येईल, कोण जाणे.

दुसरा एक मोह चरित्राचा. १८९० साली धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. हे कळल्यावर काळा डोह म्हणजे कवीला आधीच लागलेली मृत्यूची चाहूल, असे म्हणावेसे वाटते. पण कवितेला कवीच्या मरणाची तारीख ठाऊक नसते. आपण ती शेवटाकडून आरंभाकडे वाचतो आणि त्या वाचण्याला भविष्यवाणी म्हणतो.

बालकवी काही काळ अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे ते आपल्याही घरचेच झाले आहेत. टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेत बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांपाशी पोहोचून प्राण सोडते, आणि कवीचा निवाडा शीर्षकातच लिहिलेला असतो. करुणेने भरलेल्या त्या कवीला तो निवाडा आवरणे शक्यच नव्हते, आणि त्यात उणे काही नाही. पण त्याच छपराखाली राहिलेल्या तरुण कवीचे झाड मात्र काहीच बोलत नाही. गुरुशिष्यांमधले हे अंतर मला त्यांच्यातल्या साम्याहून अधिक मोलाचे वाटते.

या न बोलण्याचा अर्थ मला वर्गात लागला नाही. २०१९ साली माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना होई, माणसे येत, आणि येणारा प्रत्येकजण त्या मृत्यूचा अर्थ सांगून जाई. देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात, हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा ऐकले असेल! सांगणाऱ्यांच्या मायेविषयी शंका नव्हती; पण तीही समीकरणेच होती आणि आई ती ऐकून अधिकच एकटी पडे. आमच्या वाडीत बावखल आहे, शिंपण्यासाठी राखलेले गोड्या पाण्याचे तळे. वसईतली कितीतरी बावखले भराव घालून बुजवली गेली; आमचे अजून आहे. काठावर उंबर आहे. सगळे परतले की वडील तिथे जाऊन बसत. एके दिवशी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याजवळ येऊन टेकले. दोघे अंधार पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर वडिलांनी पहिल्यांदा जेवण मागितले.

तेव्हापासून मी ही कविता शोकाच्या शेजारी बसण्याची कविता म्हणून वाचतो. हे माझे वाचन आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी ते लिहिणार नाही आणि इतरांनी स्वीकारावे असा आग्रहही धरणार नाही. मात्र त्या वाचनाने मला शेवटच्या ओळीतल्या एका साध्या शब्दापाशी नेले. कवी नुसते 'औदुंबर' म्हणत नाही, 'असला औदुंबर' म्हणतो. असला म्हणजे कसला? आधीच्या सात ओळींत झाडाचे वर्णन कुठेच आलेले नाही. आले आहेत ते झरा, गाव, मळे, वाट आणि ते झाकोळलेले पाणी. म्हणजे 'असला' हा शब्द त्या साऱ्यांकडेच बोट दाखवतो: ज्याच्यापुढे हे सगळे आहे, आणि जो उठून जात नाही, असला.