बंजारा अभ्यास : पुरावे भरपूर, तांडा कुठे?

असईची लढाई 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झाली. ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या त्या मोहिमेतल्या पत्रांत एक काळजी वारंवार डोकावते : धान्य लादलेले बंजाऱ्यांचे बैल वेळेवर येतील ना? बंजारा समाजाची कागदोपत्री नोंद अशी दुसऱ्याच्या गरजेपोटी होत आली. संशोधनाची ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

पुढे रस्ते आणि रेल्वे आली, लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, बुडाली आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर शिक्का मारला. कंबरलेज या अधिकाऱ्याची वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरची पुस्तिका 1882 ची. निजाम राज्यातल्या जाती-जमातींवरचा सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ 1920 चा. कुळी, पोशाख, लग्नविधी यांची टिपणे म्हणून ही पुस्तके आजही कामाला येतात. पण त्यांतला बंजारा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

हे चित्र आतल्या माणसांनी बदलले. बळीराम पाटील यांनी 1936 मध्ये समाजाचा इतिहास मराठीत लिहिला. मोतीराज राठोड यांनी विमुक्तांच्या चळवळीची आणि लेखनाची सांगड घातली. या परंपरेतले सर्वांत कसदार काम भांग्या भूक्या यांचे. स्वतः लंबाडा, म्हणजे बंजारा, असलेल्या या इतिहासकाराच्या 2010 च्या ग्रंथाने निजामाच्या राजवटीत मालवाहू तांडेवाला आधी गुराखी, मग कूळ आणि मजूर कसा झाला हे दाखवले. जालना तेव्हा निजामाकडेच होते, त्यामुळे हा आपल्याही जिल्ह्याचा इतिहास आहे. तरी मराठवाड्यातल्या तांड्यांवर त्या तोडीचा ग्रंथ मराठीत व्हायचा आहे.

तो का होत नाही, याचे एक उत्तर आरक्षणाच्या राजकारणात सापडते. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि पुढे एकच समाज तीन याद्यांत विभागला गेला : तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेट ग्राह्य धरले गेले, तेव्हा त्याच गॅझेटच्या आधारे बंजाऱ्यांची अनुसूचित जमातींत समावेशाची मागणीही जोरात पुढे आली. मागणीला पुरावा लागतो, हे रास्तच. पण पुराव्याच्या मागे लागलेला अभ्यासक ‘आम्ही मूळचे कोण’ यातच अडकतो आणि ‘आज कसे जगतो’ हे मागे पडते.

जपानमधल्या कोरियन अल्पसंख्याकांवरचा अभ्यास इथे ताडून पाहण्याजोगा आहे. तिथेही वसाहतीचा काळ, 1952 मध्ये गेलेले नागरिकत्व, बोटांचे ठसे घेऊन केलेली नोंदणी असा ओझ्याचा इतिहास आहे. पाक क्योंग-सिक यांनी 1965 मध्ये सक्तीने नेलेल्या मजुरांची हकिगत ग्रंथरूपाने मांडली. पण अभ्यास तिथे थांबला नाही. कोरियन शाळांत शिकलेल्या सोनिया रियांग यांनी 1997 च्या पुस्तकात त्या शाळांमधली मुले कोणती भाषा कुठे आणि का बोलतात हे बारकाईने टिपले. आपल्याकडे बंजाऱ्यांची गोरबोली जनगणनेत हिंदीखाली मोजली जाते. ती घरी बोलणारे मूल मंठ्याच्या किंवा परतूरच्या शाळेत पहिल्या वर्षी काय समजते आणि काय गिळून टाकते, यावर असे काम हवे.

दुसरी उणीव याहून ठळक. लेंगी, ढावलो ही गाणी आणि तीज हा सण यांवर भरपूर लिहिले गेले आहे; ऊसतोडीवरही अहवाल निघतात. पण संस्कृतीच्या अभ्यासात मजुरी येत नाही आणि मजुरीच्या अभ्यासात संस्कृती येत नाही. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या सुमारास असे कोयते कारखान्यांकडे निघतात. लेंगी होळीची आणि होळी येते ऐन गाळप हंगामाच्या शेवटी. मग अर्धा तांडा फडावर असताना लेंगी कोण म्हणतो? तांड्याच्या नायक-कारभाऱ्याचा निवाडा चालतो की मुकादमाचा शब्द? गाण्यांचे संग्रह आणि मजुरीचे तक्ते वेगवेगळे वाचून हे कळत नाही.

म्हणून बंजारा अभ्यासाची आजची स्थिती थोडक्यात अशी : दप्तरे चाळण्यात तो सशक्त, लोकगीतांत समृद्ध आणि वर्तमानात अशक्त. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी पुढच्या विद्यार्थ्याला गॅझेट जरूर वाचायला लावावे. पण विषय मंजूर करण्याआधी एक पूर्ण हंगाम तांड्याबरोबर फडावर काढण्याची अट घालावी.