राक्षस मारायला कोण जाणार?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडताना घरातले सर्वांत धाकटे मूल सर्वांत जोराने पाय आपटते. नरकासुराचा वध आपल्याकडे असा घरगुती सोहळा आहे; गोव्यात तर त्याचे मोठाले पुतळे करून जाळतात. तेव्हा भुताराक्षसांचा पाठलाग करणाऱ्या वीरांच्या कादंबऱ्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला मला तरी संकोच वाटत नाही. त्या हलक्या म्हणून नाक मुरडण्याची शिष्ट रीत आहे, ती मला मान्य नाही. मात्र त्यांनाही एक कसोटी हवी.

ती कसोटी महाभारतातच सापडते. एकचक्रा नगरीत बकासुराकडे कोणी जायचे, यावर त्या गरीब ब्राह्मणाच्या घरात वाद चालतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. शेवटी बोबडे बोलणारे पोर गवताची काडी उचलून म्हणते, मी हिनेच राक्षसाला मारीन! पुढे भीम जातो आणि बकाला मारतो. पण आपल्या मनात राहते ते घर आणि ती काडी. भीमाला पाठवायचे ठरवले म्हणून युधिष्ठिरही कुंतीला दोष देतो. राक्षस मारणे ही कथेतली सोपी गोष्ट आहे. कोण जाणार, ही अवघड.

मराठीत या जातीच्या लेखनात नारायण धारपांचे (१९२५–२००८) नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचे समर्थ म्हणजे अमानवी शक्तींशी झुंजणारे सिद्धपुरुष. नावातच रामदासस्वामींची आठवण असल्याने वाचक अर्धा निर्धास्त होतो. धारपांची खरी ताकद समर्थ येण्यापूर्वीच्या पानांत आहे. साधे कुटुंब, साधे घर, आणि नेहमीच्या व्यवहारात काहीतरी किंचित बिघडलेले. ही पाने त्यांनी किती संयमाने लिहिली आहेत! पण समर्थांचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले, की माझी भीती संपते. ते हरणार नाहीत हे मला ठाऊक असते. उरतो तो जय पाहण्याचा आनंद. तोही आनंदच, पण घरातली माणसे आता प्रेक्षक झालेली असतात, त्याचे काय?

याउलट त्यांची 'लुचाई' पाहा. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवर ती बेतलेली आहे. किंग यांच्या कथेत रक्तपिपासू पिशाच्चांनी ग्रासलेल्या गावासाठी झगडतात ते एक लेखक, एक शाळामास्तर, एक डॉक्टर, एक पाद्री आणि एक शाळकरी मुलगा. पाद्र्याच्या हातात क्रूस असतो. पण त्याची श्रद्धा डळमळते आणि क्रूसाचे तेज विझते. मास्तर आणि डॉक्टर जिवानिशी जातात. या सांगाड्यात सर्वशक्तिमान गुरूला जागाच नाही. म्हणून प्रत्येक पानाला किंमत आहे, आणि म्हणूनच भीतीही आहे.

हा भेद केवळ कलेचा नाही. माथेरानला पावसाळ्यात धुके असे उतरते, की घोड्याच्या टापा आधी ऐकू येतात आणि घोडा मागाहून दिसतो. मोटारींना गावात मज्जाव, नेरळची छोटी गाडीही त्या दिवसांत बंद. अशा संध्याकाळी माझे विद्यार्थी या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचतात. "सर, भुते असतात का?" हे मला कोणी फारसे विचारत नाही. विचारतात ते असे : "सर, समर्थांसारखा माणूस कुठे भेटतो?" मला काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची. भुताची भीती उजाडल्यावर जाते. तारणहाराची वाट पाहण्याची सवय जात नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, साप चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे, हे त्याने गुन्हे ठरवले. असा कायदा करावा लागतो, कारण संकटात सापडलेले घर कोणाच्याही पायावर डोके ठेवते. आणि त्या घरी येतो तो कादंबरीतला निःस्पृह समर्थ नसतो.

मग मुलांच्या हातून पुस्तक काढून घ्यावे काय? मुळीच नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याला वाचनाची गोडी लावली ती अशाच पुस्तकांनी. समर्थकथा त्यांनी जरूर वाचाव्यात, फक्त तिच्यामागून 'लुचाई' हाती द्यावी. आणि जे तरुण आज नव्या राक्षसशिकारीच्या कादंबऱ्या लिहीत आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : तुमच्या वीराची तलवार थोडी बोथट ठेवा. त्याला हरता आले पाहिजे. मगच घरातले धाकटे पोर गवताची काडी घेऊन उभे राहील, आणि वाचकाला राक्षसापेक्षा त्या पोराचा विचार अधिक वेळ जागे ठेवील.