‘मी पाहिलेलं’ यातला ‘मी’ कोण?

मागच्या आठवड्यात लॅबच्या संगणकावर उघडलेली एक पीडीएफ शोधत होते. नाव आठवेना. एवढंच आठवत होतं, की गाईडशी बोलणं झालं त्या दुपारी पाहिलेली. सुझन ड्युमे आणि सहकाऱ्यांचा ‘स्टफ आय हॅव सीन’ (२००३) हा पेपर नेमकं हेच पकडतो. मेल, वेबपानं, फायली यांची एकच सूची, आणि शोधायला वेळ व माणूस हे महत्त्वाचे दुवे. हे निरीक्षण आजही पटतं.

पण मूल्यमापनाच्या भागाशी जरा थांबा. वापरणारे २३० हून जास्त, सगळे मायक्रोसॉफ्टचेच कर्मचारी. आमच्याकडे चौघांत एक लॉगिन! पीडीएफच्या आधी मला हिस्टरीत सापडले ते एका ज्युनिअरचे नोकरीचे अर्ज. पेपरने मोजलं ते वापरणाऱ्याला सापडतं का, एवढंच. दुसऱ्या कोणाला काय सापडतं, हे मोजायला वेगळा अभ्यास लागला असता. २०२४ मध्ये त्याच कंपनीने पडद्याची चित्रं साठवणारं ‘रिकॉल’ जाहीर केलं तेव्हा टीका झाली ती याच मुद्द्यावर, आणि ते आपण चालू केलं तरच चालेल असं करावं लागलं.

ज्युनिअरला मी अजून काही बोललेले नाही. हिस्टरी मात्र पुसून टाकली.