‘द इन्क्रेडिबल्स’ : कॉमिक्सचे ऋण आणि कुटुंबाचे रूपक

प्रस्तावना

ब्रॅड बर्ड यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द इन्क्रेडिबल्स’ हा अ‍ॅनिमेशनपट नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पिक्सार या संस्थेचा हा सहावा पूर्ण लांबीचा चित्रपट होय. खेळणी, कीटक, राक्षस आणि मासे यांच्या कथांनंतर या संस्थेने सर्व प्रमुख पात्रे मानवी असलेली कथा प्रथमच निवडली. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपट आणि ध्वनिसंपादन यांसाठीची दोन ऑस्कर पारितोषिके त्यास मिळाली. या यशाबरोबर त्यावर दोन आक्षेपही घेतले गेले. त्यातील शक्ती व प्रसंग जुन्या कॉमिक्समधून उचललेले आहेत, हा पहिला आक्षेप. आणि हा चित्रपट मूठभर श्रेष्ठांची बाजू घेतो, हा दुसरा. वरवर पाहता हे आक्षेप स्वतंत्र वाटतात. परंतु चित्रपटाने कॉमिक्समधून काय घेतले व काय सोडले हे तपासल्याशिवाय दुसऱ्या आक्षेपाचा निर्णय करता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोहोंमधील संबंधाचा विचार केला आहे.

‘फॅन्टास्टिक फोर’ : शक्तींचे फेरवाटप

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची ‘फॅन्टास्टिक फोर’ ही कॉमिक्स मालिका १९६१ मध्ये सुरू झाली. अंतराळातील किरणांमुळे चौघांना अद्भुत शक्ती प्राप्त होतात. शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सचे शरीर रबरासारखे ताणते, सू स्टॉर्म अदृश्य होते, तिचा भाऊ जॉनी ज्वालारूप धारण करतो आणि बेन ग्रिम प्रचंड बळाचा पाषाणदेही होतो. आपसांत भांडणारे, रुसणारे हे नायक कौटुंबिक नात्यांनी बांधलेले होते, हे त्या मालिकेचे नावीन्य होते. सूची शक्ती प्रारंभी केवळ लपण्याची होती. अदृश्य कवच निर्माण करण्याचे सामर्थ्य तिला १९६४ मध्ये देण्यात आले.

पार कुटुंबाशी असलेले याचे साम्य उघड आहे. मात्र बर्ड यांनी शक्तींची वाटणी बदलली आहे आणि चित्रपटाचा अर्थ या बदलात दडलेला आहे. ताणण्याची शक्ती कुटुंबप्रमुख शास्त्रज्ञाकडून काढून ती आई हेलनला दिली आहे. नवरा, मुले व घर अशा सर्व दिशांनी एकाच वेळी ओढली जाणारी गृहिणी येथे अक्षरशः ताणली जाते. अदृश्यता प्रौढ स्त्रीकडून काढून ती वयात येणाऱ्या, केसांआड चेहरा लपवणाऱ्या व्हायोलेटला दिली आहे. बळ पित्याकडे, वेग चंचल डॅशकडे आणि कोणते रूप घेईल याचा नेम नसलेली शक्ती तान्ह्या जॅक-जॅककडे आहे. वेग किंवा ताणले जाणारे शरीर यांत स्वतंत्रपणे नवे काही नाही. जॅक कोल यांचा ‘प्लास्टिक मॅन’ १९४१ मध्येच अवतरला होता. नवे आहे ते शक्ती आणि कुटुंबातील स्थान यांचे समीकरण. १९६१ च्या मालिकेत शक्ती हा अपघात होता. येथे ती स्वभावाची भाषा झाली आहे. म्हणूनच कवच धरून भावाला वाचवताना व्हायोलेटचा आत्मविश्वास वाढतो आणि शेवटी तिचा चेहरा केसांआडून बाहेर येतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. अशा घेण्याला अनुकरण म्हणणे न्याय्य ठरणार नाही.

‘वॉचमेन’ : उसना घेतलेला प्रश्न

चित्रपटाचे दुसरे ऋण अधिक गुंतागुंतीचे आहे. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही बारा अंकांची मालिका १९८६-८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १९७७ च्या एका काल्पनिक कायद्याने मुखवटाधारी नायकांवर बंदी आलेली आहे. नायकांपैकी एकाच्या खुनाने कथेस आरंभ होतो आणि शेवटी एका बनावट महासंकटाचा कट उघडकीस येतो. ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये वाचवलेल्यांनीच भरलेल्या खटल्यांमुळे सुपरहिरोंना काम थांबवावे लागते, सिंड्रोम निवृत्त नायकांना एकेक करून संपवतो, आणि आपणच घडवलेल्या यंत्राला हरवून नायक म्हणून मिरवण्याचा बेत आखतो. ‘वॉचमेन’मधील डॉलर बिल हा नायक पाठीवरचे वस्त्र फिरत्या दारात अडकल्याने प्राणास मुकतो, येथे वेशभूषाकार एडना मोड अशाच अपघातांची यादी सांगून असे वस्त्र शिवण्यास नकार देते, आणि त्याच वस्त्राने सिंड्रोमचा अंत होतो.

कथानकाचे हे सांधे जुळत असले, तरी त्यांमागील प्रश्न मात्र सारखा राहत नाही. ‘वॉचमेन’चा प्रश्न असा की, कोणाच्याही नियंत्रणाखाली नसलेल्या शक्तीवर लक्ष कोणी ठेवायचे? तेथे बंदीच्या बाजूने सबळ कारणे आहेत, कारण अनेक नायक क्रूर अथवा भ्रमिष्ट आहेत. बर्ड यांच्या चित्रपटात आत्महत्येपासून वाचवला गेलेला मनुष्य खटला भरतो. त्यामुळे तक्रार करणारा समाज आरंभीच कृतघ्न ठरतो. त्याच घटनाक्रमात रेल्वेतील प्रवासी खरोखर जखमी झालेले असतात, परंतु त्यांच्या बाजूचा विचार चित्रपट करीत नाही.

श्रेष्ठत्ववादाचा आक्षेप

डॅशला शाळेत आपला वेग दाखवण्याची मुभा नाही. सगळेच विशेष असतात असे आई सांगते, तेव्हा म्हणजे कोणीच विशेष नाही, असे तो पुटपुटतो. पुढे सिंड्रोम आपली उपकरणे सर्वांना विकण्याचा मनोदय व्यक्त करतो, तेव्हा त्याच्याही बोलण्यात हाच विचार येतो. या दोन प्रसंगांच्या आधारे चित्रपटावर श्रेष्ठत्ववादाचा आरोप झाला. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. एकच विचार निरागस मुलाच्या आणि खलनायकाच्या तोंडी घालून चित्रपटाने स्वतःच तो संशयास्पद केला आहे. शिवाय बॉबचा विशेष असण्याचा हव्यास निर्दोष दाखवलेला नाही. तो पत्नीशी खोटे बोलतो, गतवैभवात रमतो, आणि त्याने झिडकारलेला चाहता मुलगाच पुढे सिंड्रोम होतो. अखेरीस डॅशला शर्यतीत धावण्याची परवानगी मिळते, पण आईवडिलांच्या खुणा पाहून तो मुद्दाम दुसरा येतो. वैशिष्ट्य जपावे, मात्र त्याला लगाम असावा, असा हा तोडगा आहे. तो श्रेष्ठत्ववादी म्हणता येत नाही.

चित्रपटाची खरी उणीव अन्यत्र आहे. हा लगाम कुटुंबाने लावलेला आहे, समाजाने नव्हे. घराच्या चौकटीत जो विवेक पुरतो, तो शहराच्या चौकटीत पुरेल काय, हा ‘वॉचमेन’कडून घेतलेला प्रश्न अनुत्तरित राहतो. यंत्राचा पराभव झाल्यावर सुपरहिरोंचे पुढे काय, हे राजकारण्यांवर सोपवून कथा संपते. २०१८ मध्ये आलेल्या ‘इन्क्रेडिबल्स २’मध्ये हा धागा पुन्हा उचलला गेला. लोक सुपरहिरोंवर विसंबून दुर्बल होतात, ही विचारार्ह भूमिका तेथे एव्हलिन डेव्हर मांडते. परंतु तीच खलनायिका ठरते आणि बंदी उठते. दोन्ही चित्रपटांत आक्षेप खलपात्राकडे सोपवला गेल्यामुळे त्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही.

समारोप

‘द इन्क्रेडिबल्स’ने ‘फॅन्टास्टिक फोर’कडून रूप घेतले आणि ‘वॉचमेन’कडून प्रश्न घेतला. घेतलेल्या रूपाचे त्याने सोने केले. अद्भुत शक्तीला घरातील ताण, संकोच व चांचल्य यांचे रूपक बनवून त्याने कॉमिक्सच्या परंपरेत मोलाची भर घातली. घेतलेला प्रश्न मात्र त्याने कौटुंबिक जिव्हाळ्यात विरघळू दिला. कलाकृतीवरील प्रभावांची चर्चा पुष्कळदा साम्यस्थळांच्या यादीपाशी थांबते. या चित्रपटाचा विचार करता, साम्याइतकेच वगळलेल्या गोष्टींकडेही लक्ष देणे समीक्षेस आवश्यक ठरते. कारण या चित्रपटाचे यश त्याने बदललेल्या गोष्टींत आहे, तर मर्यादा त्याने सोडून दिलेल्या गोष्टींत आहे.