मार्बरी चीनला जाऊन ‘सुधारला’ म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी ‘खेळाडूंचं श्रम-स्थलांतर’ असं उत्तर देते. समोरच्याचा चेहरा कोरा झाला की मग स्टेफॉन मार्बरीची गोष्ट सांगते. ती हमखास चालते. पण या विषयात जसजशी आत शिरत गेले तसतशी मला तीच गोष्ट खटकायला लागली. म्हणून आज आधी ती तुम्हाला सांगते, आणि मग तिच्यात काय खटकतं तेही.

मार्बरी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधला. सात भावंडांतला सहावा. थोरल्या भावांनी एनबीएचं स्वप्न पाहिलं होतं, ते पुरं केलं यानं. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवड झाली. मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स असं करत २००४ मध्ये तो घरच्या संघात, न्यूयॉर्क निक्समध्ये आला. दोनदा ऑल-स्टार. कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे १९ च्या वर गुण आणि साडेसातच्या आसपास असिस्ट. कागदावर उत्तमच. पण संघ जिंकत नव्हता, प्रशिक्षक लॅरी ब्राऊनशी त्याचं जाहीर भांडण झालं आणि ‘स्वार्थी’ हा शिक्का बसला. २००७ च्या डिसेंबरात वडील गेले. २००८-०९ च्या हंगामात निक्सनं त्याला जवळजवळ खेळवलंच नाही आणि फेब्रुवारीत पैसे देऊन मोकळं केलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत रडला, व्हॅसलिन खाल्लं, आणि लोक हसले.

जानेवारी २०१० मध्ये तो चीनच्या शान्शी प्रांतातल्या तैयुआनला गेला. पुढे फोशान, मग बीजिंग डक्स. बीजिंगनं त्याच्याबरोबर २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं जिंकली. शहरात त्याचा पुतळा उभा राहिला, मानद नागरिकत्व मिळालं, त्याच्यावर संगीत नाटक आलं, नंतर चीनचा कायमचा रहिवासी परवानाही मिळाला.

गोष्ट संपली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

या गोष्टीच्या पडद्यावरच्या दोन आवृत्त्या आहेत. एक अमेरिकन माहितीपट, ‘अ किड फ्रॉम कोनी आयलंड’ (२०१९). दुसरा चिनी चित्रपट, ‘माय अदर होम’ (२०१७). त्यात मार्बरीनं स्वतःचीच भूमिका केली आहे. माहितीपट चांगला आहे, हे आधीच सांगते. घराची, भावांची, त्या वस्तीची माहिती तो जीव लावून देतो, आणि एका मुलाच्या खांद्यावर अख्ख्या कुटुंबाचं ओझं कसं येतं हे नीट दाखवतो. पण त्यात चीन येतं ते एखाद्या हवापालटाच्या ठिकाणासारखं. माणूस आजारी पडला, लांब गेला, बरा झाला. चिनी चित्रपट तीच गोष्ट उलट्या टोकाकडून सांगतो: पाहुणा आला, इथल्या लोकांत मिसळला, घरचाच झाला. दोन्हीकडे उत्तर एकच मिळतं. मार्बरी बदलला, नम्र झाला, म्हणून यशस्वी झाला.

माझी तक्रार इथे सुरू होते. तो बदलला असेलही. तसं तो स्वतः सांगतो, आणि त्याच्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. पण परदेशात खेळणाऱ्या माणसाची कारकीर्द फक्त त्याच्या स्वभावातून समजावली की तो जिथे काम करत होता ती जागा दिसेनाशी होते.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, एकच परिच्छेद आहे. ब्रिटनमध्ये आइस हॉकी खेळायला गेलेल्या कॅनेडियन खेळाडूंवर जोसेफ मग्वायर या समाजशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये एक लेख लिहिला. त्यानं स्थलांतरित खेळाडूंचे प्रकार पाडले: वाट पाडणारे, स्थायिक होणारे, पैशासाठी खेळणारे भाडोत्री, जग बघत फिरणारे भटके, आणि मायदेशी परतणारे. २००२ मध्ये जोनाथन मॅगी आणि जॉन सगडेन यांनी इंग्लंडमधल्या परदेशी फुटबॉलपटूंचा अभ्यास करून त्यात भर घातली: महत्त्वाकांक्षी, परागंदा आणि हाकललेले. आमच्या क्षेत्रात ही यादी जो तो वापरतो. मीही वापरते. फक्त वापरताना एक चूक फार सहज होते: प्रकार म्हणजे माणसाचा स्वभाव असं समजून बसायचं. अमका भाडोत्री, तमका स्थायिक, विषय संपला.

मार्बरीला या यादीत बसवून बघा. २००९ मध्ये तो ‘हाकललेला’. तैयुआनला गेला तेव्हा पैसा आणि धंदा हे उघड हेतू होते. त्याचा ‘स्टारबरी’ हा बुटांचा ब्रँड होता. २००६ मध्ये अमेरिकेत त्यानं १४ डॉलर ९८ सेंटला जोड विकून गाजवला होता, पण ते बूट विकणारी दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये बुटांना बाजार होता. म्हणजे यादीप्रमाणे ‘भाडोत्री’. २०१५ पर्यंत तो ‘स्थायिक’ झालेला. पाच-सहा वर्षांत एक माणूस तीन खणांतून गेला. मग त्याला एका खणातून दुसऱ्या खणात ढकललं कुणी?

इथे चिनी लीगचे, म्हणजे सीबीएचे, नियम बघावे लागतात. त्या काळात साधारणपणे एका संघाला दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत आणि त्यांनी मैदानावर किती वेळ असावं यालाही मर्यादा होती. आयपीएलमध्ये अकरांत चारच परदेशी खेळवता येतात, तसंच काहीसं, पण जास्त कडक. करार बहुधा एका हंगामाचे. दोनच जागा असल्यामुळे त्या दोघांकडून अपेक्षा एकच: गुण काढा. नाही काढले तर हंगामाच्या मध्यातच तुमच्या जागी दुसरा अमेरिकन येतो.

आता तो ‘स्वार्थी’ शिक्का आठवा. एनबीएमध्ये मार्बरीवर आरोप काय होता? चेंडू हातात ठेवतो, सगळं स्वतःच करायला बघतो. चीनमध्ये परदेशी गार्डला पगार मिळतो तो नेमका याच कामाचा! मग त्याचा स्वभाव किती बदलला आणि त्याच सवयीची किंमत किती बदलली, हे वेगळं कसं करणार? बीजिंगमध्ये तो सहकाऱ्यांना सामावून घेऊन खेळला, हेही खरं. पण त्यालाही मिन लुलेइ नावाचा प्रशिक्षक, रँडॉल्फ मॉरिससारखा दुसरा परदेशी खेळाडू आणि जम बसलेले स्थानिक खेळाडू कारणीभूत होते. गोष्ट रंगवून सांगताना आपण यातलं कुणालाच आठवत नाही. मीही ती इतक्यांदा सांगितली, त्यात मिन लुलेइचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

दोन प्रसंग सांगते, त्यावरून मला काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल.

पहिला २०१२ चा. बीजिंगनं बलाढ्य ग्वांगडोंगला अंतिम मालिकेत ४-१ नं हरवलं. मालिका मार्बरीनं गाजवली. पण अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला त्याचा सहकारी ली श्युए-लिन याला, कारण तो मान तेव्हा परदेशी खेळाडूला देत नसत. त्याच वर्षी मार्बरीचा पुतळा उभा राहिला. म्हणजे चाहत्यांनी आणि शहरानं त्याला आपला मानला, पण लीगच्या कागदावर तो ‘परदेशी’च होता. हा मान पहिल्यांदा परदेशी माणसाला, मॉरिसला, मिळाला २०१४ मध्ये; २०१५ मध्ये तो मार्बरीकडे आला, वयाच्या ३८ व्या वर्षी.

दुसरा प्रसंग २०१७ चा. मार्बरी चाळिशीत पोचला होता. पुढच्या हंगामासाठी बीजिंग डक्सच्या योजनेत खेळाडू म्हणून त्याला जागा नव्हती. त्याला अजून एक वर्ष खेळायचं होतं. शेवटी तो शहरातल्याच दुसऱ्या, दुबळ्या संघाकडून खेळला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निवृत्त झाला. पुतळा, मानद नागरिकत्व, रहिवासी परवाना, सगळं जागच्या जागी होतं. करार मात्र नव्हता. यात कुणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. क्लबनं क्लबसारखा हिशेब केला. पण ‘दुसरं घर’ म्हणताना हेही बघायला हवं की घरात राहायला परवानगी लागते, आणि कामाच्या ठिकाणी दरवर्षी नव्यानं लागते.

याला उतारा म्हणून एक पुस्तक सुचवते: जिम यार्डली यांचं ‘ब्रेव्ह ड्रॅगन्स’ (२०१२). यार्डली न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार. त्यांनी तैयुआनच्या याच संघाबरोबर २००८-०९ चा हंगाम काढला, म्हणजे मार्बरी येण्याच्या आदला. नायक म्हणावा असा कुणी पुस्तकात नाही. एनबीएत प्रशिक्षक राहिलेला बॉब वाइस आहे, पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेला आणि दर सामन्याला प्रशिक्षकाच्या कामात नाक खुपसणारा मालक आहे, चिनी खेळाडू आहेत, दुभाषा आहे. आणि बोन्झी वेल्स आहे, एनबीएतलाच एक नावाजलेला खेळाडू. आला, ढिगानं गुण काढले, चिनी नववर्षाच्या सुट्टीला अमेरिकेत गेला आणि परत आलाच नाही.

वेल्स आणि मार्बरी यांना शेजारी ठेवून बघा. क्लब एकच, मालक एकच, मध्ये जेमतेम वर्षाचं अंतर. गोष्टीच्या तर्कानं वेल्स उर्मट आणि मार्बरी नम्र. पण मार्बरीचाही तैयुआनमधला मुक्काम टिकला नव्हता. २०१०-११ चा हंगाम तो फोशानकडून खेळला. तो स्थिरावला बीजिंगला, जिथे संघ जिंकत होता आणि शहराला नायक हवा होता. बीजिंगनं त्याला घेतलं नसतं तर तोही कदाचित वेल्ससारखा कुणाच्या तरी पुस्तकातला एक भाग होऊन राहिला असता, आणि आपण त्याला ‘भाडोत्री’ म्हणून मोकळे झालो असतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? छान गोष्ट आहे, सांगू द्या की. सांगा ना. मार्बरी ज्या अवस्थेतून वर आला ते सोपं नव्हतं, आणि त्याचं श्रेय मला अजिबात काढून घ्यायचं नाही. पण दरवर्षी शेकडो अमेरिकन खेळाडू चीन, तुर्कस्तान, इस्रायल, फिलिपाइन्समध्ये जातात. बहुतेकांचा पुतळा होत नाही. नम्रतेनं यश मिळतं असं मानलं, तर ज्यांना मिळालं नाही ते आपोआप उर्मट ठरतात. हंगामाच्या मध्यात परत पाठवलेल्या माणसाला दुखापत होती का, पगार वेळेवर मिळाला होता का, त्याचं बोलणं प्रशिक्षकापर्यंत नीट पोचवणारा कुणी होता का, हे मग कुणी विचारत नाही. माझा प्रबंध या प्रश्नांवर आहे, आणि गंमत म्हणजे तो समजावून सांगायला मी इतके दिवस हे प्रश्न झाकणारीच गोष्ट वापरत होते.

तेव्हा माहितीपट जरूर बघा. बघताना एक करा: चीनचा भाग आला की मार्बरीवरून नजर थोडी बाजूला न्या. शेजारी कोण उभं आहे, करार कुणी केला, भाषांतर कोण करतंय, बाकावर कोण बसलंय. दिसलं काही, तर खाली जरूर लिहा.